छोट्या माशांसाठी अल्ट्रालाइट रॉड: लांबी कशी ठरवायची

अल्ट्रालाइट रॉड, म्हणजे काही ग्रॅमचंच आमिष फेकणारा मासेमारीचा हलका रॉड, घ्यायला गेलं की पहिला गोंधळ लांबीचा होतो. एकाच मॉडेलमध्ये १.५, १.६८, १.८, १.९८ आणि २.१ मीटर असे पर्याय दिसतात, किमतीत फारसा फरक नसतो, आणि "तेवढ्याच पैशांत लांब मिळतोय तर लांबच घेऊ" म्हणून नवखी माणसं २.१ मीटरचा उचलतात. मग ओढ्याकाठी करंजाच्या फांदीत टोक अडकतं, दीड ग्रॅमचं आमिष पायापासून चार हातांवर पडतं आणि रॉड माळ्यावर जातो.

आधी थेट उत्तर. आपल्याकडच्या नद्या, ओढे, पाझर तलाव आणि धरणांच्या काठांवर चिलापी, खवली, दांडवण, डोक, छोटी शिंगटी असे मासे धरायचे असतील आणि एकच रॉड घ्यायचा असेल, तर ६ फुटी म्हणजे १.८ मीटरचा, दोन तुकड्यांचा, १ ते ५ किंवा १ ते ६ ग्रॅम फेकणारा घ्या. याहून आखूड किंवा लांब घ्यायचा तर त्याला ठोस कारण हवं. ते तुमच्याकडे आहे की नाही, हे खालच्या पायऱ्यांवरून कळेल.

जवळ ठेवायच्या वस्तू:

- मोजपट्टी
- सव्वादोन मीटरचा पातळ पीव्हीसी पाइप किंवा सरळ काठी. एका टोकापासून १.५, १.८ आणि २.१ मीटरवर खुणा केलेली
- ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा खिशातला वजनकाटा
- कापसाचा बोळा
- रील आधीच असेल तर ती, दुकानात सोबत न्यायला

## १. जागा मोजा

ज्या धरणावर वर्षातून एकदा जाणार त्याचा विचार बाजूला ठेवा. दर रविवारी जिथे जाणं होणार आहे तीच जागा मोजायची.

पाइप घेऊन तिथे जा. फेकताना उभे राहाल तसे उभे राहा, हात कानाच्या उंचीला आणा आणि पाइप १.८ मीटरच्या खुणेवर पकडून सरळ वर धरा. मध्यम उंचीच्या माणसाचा हात तेव्हा जमिनीपासून साधारण १.६ मीटरवर असतो, म्हणजे रॉडचं टोक जवळजवळ साडेतीन मीटरवर जातं. आता पाइप हळूहळू मागून पुढे फिरवा. कुठे काय लागतं ते बघा. डोक्यावरची फांदी बहुतेकांना दिसते. पाठीमागचा चढ दिसत नाही. धरणांचे काठ मागे लगेच वर चढतात, हात मागे गेला की आमिष खडकावर आपटतं, गळाचं टोक बोथट होतं, आणि "मासा लागतो पण सुटतो" ही तक्रार तिथून सुरू होते.

वरून फेकायला जागा नसेल तर पाइप कमरेच्या उंचीला आडवा फिरवून बघा. आडवी फेक जमत असेल तर १.८ चालेल. तीही जमत नसेल तर १.५ ची खूण धरून पुन्हा फिरवा. ३० सेंटिमीटरचा फरक कागदावर किरकोळ दिसतो, करंज-उंबराच्या जाळीत तो मासे मिळण्या न मिळण्याचा फरक ठरतो.

समोरही बघा. काठाला लव्हाळी किंवा पाणकणीस एक मीटरभर पाण्यात शिरलेलं असेल, तर आखूड रॉडने दोर त्यावरून उचलता येत नाही; मासा नेमका शेवटच्या क्षणी त्या गवतात घुसतो. अशा काठाला १.९८ किंवा २.१ मीटर खरोखर उपयोगी पडतो. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावर उभे राहणार असाल तर मात्र लांबीने काहीच साधत नाही. तिथे मासा उभा वर उचलावा लागतो, आणि ते काम दोरी बांधलेल्या जाळीचं आहे, रॉडचं नाही.

जागा मोजतानाच वरून विजेची तार गेली आहे का ते बघा. नदीकाठी शेतीपंपांच्या तारा खूप खाली लोंबतात. कार्बन रॉडमधून वीज वाहते. तारेखाली रॉड उभारायचा नाही, जुळवायचासुद्धा नाही. वळवाच्या पावसात ढग गडगडायला लागले की रॉड आडवा ठेवून काठावरून दूर व्हायचं.

## २. किती ग्रॅम फेकणार ते ठरवा

लांबीपेक्षा ही गोष्ट महत्त्वाची आहे आणि नेमकी हीच बघितली जात नाही.

रॉड आमिष फेकतो तो स्वतः वाकून आणि सरळ होऊन. आमिषाच्या वजनाने टोक वाकलंच नाही तर रॉड नुसती ताठ काठी राहतो, मग तो दोन मीटरचा असो की तीन. लांब रॉडचं टोक जास्त वेगाने फिरतं, म्हणून फेक लांब जाते हे खरं. पण ३ ते १० ग्रॅमसाठी बनवलेल्या सात फुटी रॉडवर दीड ग्रॅमचा जिग (शिशाचं डोकं असलेला गळ) बांधला तर तो १ ते ५ ग्रॅमच्या सहा फुटी रॉडच्या मागेच पडेल.

म्हणून वापरणार ते सगळं काट्यावर ठेवा. नुसतं शिसं मोजून चालत नाही. तरंगाचं (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेचं) २ ग्रॅम, शिशाचे मणी ०.८, गळ आणि गांडूळ मिळून १.२ धरले तर फेकायचं वजन ४ ग्रॅम झालं. दीड ग्रॅमच्या जिगवर रबरी अळी चढवली की तोच पावणेतीनच्या आसपास जातो. छोटे स्पिनर (फिरत्या पात्याचं धातूचं आमिष) २ ते ५ ग्रॅमचे येतात.

रॉडवर लिहिलेल्या मर्यादेचा मधला भाग धरा. १ ते ५ लिहिलं असेल तर तो २ ते ४ ग्रॅमला सर्वांत छान चालतो. एक ग्रॅमला फेक तोकडी पडते, आणि पाच ग्रॅम जोरात फेकलं तर टोकावर ताण येतो. १० ग्रॅमचं शिसं लावून तळाशी गळ टाकायचा असेल तर अल्ट्रालाइट हा तुमचा रॉड नाही. त्याहून एक-दोन पायऱ्या जड रॉड बघा.

## ३. मासा कोणता

छोटा मासा म्हटला तरी सगळे सारखे ओढत नाहीत, राहतातही वेगवेगळ्या जागी.

दांडवण, अळकूट आणि लहान खवली काठाजवळ थव्याने फिरतात. गळ १४ किंवा १६ नंबरचा, तरंग एक ग्रॅमच्या आतला. हेच मासे आणि हीच पद्धत हवी असेल तर रीलचा नाद सोडा आणि ३.६ मीटरची बिनरीलची घडीची काठी घ्या. टोकाला काठीएवढाच दोर बांधायचा, तरंग हवा तिथे अलगद ठेवायचा. स्वस्त पडते, शिकायला सोपी आहे आणि या माशांना अल्ट्रालाइट रॉडपेक्षा सरस आहे.

चिलापी हा अल्ट्रालाइटचा खरा मासा. उजनीपासून गावच्या पाझर तलावापर्यंत सगळीकडे आहे. पंजाएवढी चिलापी रुंद अंगाने आडवी वळून ओढते, आणि बारीक दोराला हे झटके रॉडने वाकून सोसायचे असतात. इथे १.८ ते २.१ मीटर आणि मधल्या भागापर्यंत वाकणारा रॉड चांगला. गळ ८ ते १० नंबरचा, आमिष गांडूळ किंवा मळलेली कणीक.

डोक दगडांच्या फटीत आणि मुळांखाली बसतो. आमिष वाटीएवढ्या जागेत टाकावं लागतं आणि लागला की लगेच बाहेर खेचावा लागतो, नाहीतर पुन्हा फटीत जातो. इथे दीड मीटरचा, टोकाकडेच वाकणारा रॉड हवा.

शिंगटी तळाशी, संध्याकाळनंतर. तिच्या पाठीवरच्या आणि दोन्ही बाजूंच्या काट्यांपासून सांभाळा. टोचले तर चांगलंच ठणकतं. गळ काढायला लांब नाकाचा चिमटा जवळ हवाच.

मोठा मरळ या यादीत नाही. शेवाळात दीड किलोचा मरळ चार पौंडी (चार पौंड ताण सोसणाऱ्या) दोरावर लागला तर दोर तुटतो आणि मासा तोंडात गळ घेऊन जातो. मरळ असलेल्या गवताळ पाण्यात अल्ट्रालाइट टाकूच नका.

## ४. आता लांबी निवडा

१.३७ ते १.५ मीटर, म्हणजे साडेचार ते पाच फूट. सह्याद्रीच्या पायथ्याचे झाडीतले ओढे, तीन ते सहा मीटर रुंदीचे. दहा वर्षांच्या आतल्या मुलांसाठीही हीच लांबी. नेम अचूक बसतो, हात दुखत नाही. फेक मात्र तोकडी, आणि तरंग दूर गेला की सैल दोर ओढून गळ बसवायला टोक पुरेसं मागे जात नाही.

१.६८ मीटर, साडेपाच फूट. ओढा आणि लहान नदी दोन्ही करणाऱ्यांसाठी. दाट झाडी असलेल्या कोकणातल्या पऱ्ह्यांवर १.८ ऐवजी हाच घ्यावा.

१.८ मीटर, सहा फूट. वर सांगितलंच. नदीचा मोकळा काठ, पाझर तलाव, शेततळं. फेक पुरते, टोक जड वाटत नाही, दोन तुकडे केले की साधारण ९५ सेंटिमीटरचा होतो आणि स्कूटरवर नेता येतो.

१.९८ मीटर, साडेसहा फूट. १.८ चालेल त्या बहुतेक जागी हाही चालतो. तरंग वापरणं जास्त असेल तर हा बरा, कारण वाहत्या पाण्यात दोर उचलून धरता येतो आणि प्रवाह तरंगाला ओढून नेत नाही.

२.१ मीटर आणि वर. फेब्रुवारीपासून मेपर्यंत धरणाचं पाणी उतरतं, काठ उघडे पडतात, मासा आत सरकतो. तिथे सात फुटी रॉड आपली किंमत वसूल करतो. पण वाऱ्यात टोक उंच धरलं तर दोराला मोठी कमान पडते आणि मासा लागल्याचं हाताला कळतच नाही. फेक झाली की टोक पाण्याजवळ खाली आणा. मासा पायाशी आल्यावर लांब रॉड अडचणीचा ठरतो, त्यामुळे हाताची छोटी जाळी सोबत घ्या.

लांबीसोबत हाताला होणाऱ्या श्रमाचाही हिशेब असतो. मासा ओढायला लागतो त्या क्षणी मनगटावरचा भार रॉडच्या लांबीच्या प्रमाणात वाढतो: दीड मीटरऐवजी २.१ मीटर म्हणजे ४० टक्के जास्त. छोट्या माशाच्या ओढीने काही बिघडत नाही. दमवतं ते टोकाचं वजन, कारण तासाला साठ-सत्तर वेळा फेकताना ते प्रत्येक वेळी उचलावं लागतं. स्वस्त फायबरग्लासचा सात फुटी रॉड म्हणूनच दुपारपर्यंत नकोसा होतो. फायबरग्लास घ्यायचा असेल तर १.६८ च्या वर जाऊ नका. लांब हवा असेल तर कार्बनच घ्या.

दोन लांबींमध्ये मन अडकलं तर आखूड घ्या. थोडी तोकडी फेक बारीक दोराने भरून काढता येते, फांदीत अडकणारं टोक कशानेच भरून येत नाही.

## ५. रॉडवरचे आकडे वाचा

मुठीच्या वर बारीक अक्षरांत सगळं लिहिलेलं असतं. "एस ६०२ यूएल" असं दिसलं तर एस म्हणजे स्पिनिंग (रॉडच्या खाली लटकणाऱ्या) रीलसाठी, ६० म्हणजे ६ फूट ० इंच, २ म्हणजे दोन तुकडे आणि यूएल म्हणजे अल्ट्रालाइट. कंपनीगणिक अक्षरांची जागा बदलते, पण अर्थ याच घटकांतून लागतो. सी किंवा बी असेल तर तो बेटकास्टिंग (रॉडच्या वर बसणाऱ्या) रीलचा रॉड. नवख्या माणसाने दोन ग्रॅमसाठी त्याच्या वाटेला जाऊ नये.

यूएल या अक्षरांवर विसंबू नका. एका कंपनीचा यूएल दुसऱ्या कंपनीच्या एल (लाइट) इतका ताठ असू शकतो. ग्रॅमचा आकडा आणि दोराचा आकडा, उदाहरणार्थ २ ते ६ पौंड, हे दोन्ही बघा. ग्रॅम न लिहिलेला रॉड विकत घेऊ नका.

टोक दोन प्रकारचं असतं. भरीव टोक मऊ असतं, मासा आमिष तोंडात घेऊन थांबतो, त्याला ताण लवकर जाणवत नाही. तरंग, जिग आणि गांडुळाला ते चांगलं. पोकळ टोक किंचित ताठ, स्पिनर आणि छोट्या ल्यूरला (कृत्रिम आमिषाला) बरं. पहिलाच रॉड असेल तर पोकळ टोकाचा घ्या.

## ६. दुकानातली तपासणी

टोक बोटाने धरून कमान करून दाखवणारे दुकानदार भेटतात. त्यांना थांबवा. अल्ट्रालाइटचं टोक असंच मोडतं, आणि कधी तिथे बारीक तडा जाऊन ते चौथ्या फेकीला मोडतं.

खरी तपासणी अशी. रील लावा, दोर कड्यांतून ओवा, चार ग्रॅमचं शिसं बांधून रॉड आडवा धरा आणि हळूच वर उचला. वाकण टोकापासून सुरू होऊन आतपर्यंत सलग जायला हवी. मध्येच कोपरा पडल्यासारखी दिसली तर तो नग ठेवून द्या. शिसं लोंबतंय आणि टोक जागचं हललंही नाही, तर लेबलवर काहीही लिहिलेलं असो, तो अल्ट्रालाइट नाही.

मग कापसाचा बोळा प्रत्येक कडीच्या आतून फिरवा. तंतू अडकून राहिले तर कडीला तडा आहे, आणि तोच तडा दोर कापतो. कड्यांची संख्या फुटांइतकी किंवा त्याहून एखादी जास्त असावी. सहा फुटी रॉडला चारच कड्या असतील तर दोर रॉडच्या अंगाला घासतो. एक डोळा मिटून मुठीकडून टोकाकडे बघा, कड्या एका ओळीत दिसायला हव्यात.

सांधा जोडून रॉड हलकेच झटका. कटकट आवाज आला तर सांधा सैल आहे. सोडवताना पिळायचा नाही, सरळ ओढायचा.

शेवटी तोल. रीलसकट रॉड एका बोटावर तोला. तोलाचा बिंदू रीलच्या दांडीच्या थोडा पुढे यावा. मुठीच्या पुढे वीतभर गेला तर टोक दिवसभर खाली ओढत राहील.

घडीचे टेलिस्कोपिक रॉड नेण्याला सोयीचे, म्हणून नवखी माणसं तेच घेतात. पण स्वस्तातले बहुतेक ताठ असतात, कड्या कमी असतात आणि वाळू शिरली की घड्या अडकतात. एसटीने किंवा लोकलने जायचं असेल तर चार तुकड्यांचा रॉड शोधा, १.८ मीटरचा ५० सेंटिमीटरच्या आसपास येतो आणि पाठीवरच्या सॅकमध्ये मावतो. ऑनलाइन मागवताना एका तुकड्याचा रॉड टाळा, आणि आल्याबरोबर खोक्यासमोरच टोक व कड्या तपासा, परत पाठवायची मुदत संपण्याआधी.

## ७. रील आणि दोर जुळवा

१.५ मीटरपर्यंत ५०० किंवा १००० नंबरची, १.८ ते २.१ मीटरला १००० किंवा २००० नंबरची स्पिनिंग रील. दोनशे ग्रॅमच्या आसपासची असली की पुरे.

दोर म्हणून साधा तंगूस (नायलॉनचा एकेरी दोर) ०.१६ ते ०.१८ मिलिमीटरचा भरा. गावच्या दुकानात मिळणारा ०.३० चा तंगूस या रॉडवर भरू नका. रीलच्या छोट्या स्पूलवरून (दोर गुंडाळायच्या चाकावरून) तो स्प्रिंगसारखी वेटोळी काढून सुटतो आणि दोन ग्रॅमचं आमिष त्या वेटोळ्यांतच दमतं. लांबी चुकली असं ज्यांना वाटतं त्यांतल्या पुष्कळांचा दोर जाड असतो. ब्रेडेड (विणलेला) दोर वापरायचा तर पीई (जाडीचा नंबर) ०.४ ते ०.६, आणि पुढे हातभर ते वावभर चार-पाच पौंडी फ्लुरोकार्बनचा लीडर, म्हणजे गळाकडचा तुकडा.

ड्रॅग, म्हणजे किती ओढीला रील दोर सोडेल तो ताण, दोराच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या भागावर ठेवा. चार पौंडी दोर म्हणजे १.८ किलो, म्हणजे साडेचारशे ते सहाशे ग्रॅमच्या ओढीला रीलने दोर सोडायला हवा. पाण्याची अर्ध्या लिटरची भरलेली बाटली रीलकडून सरळ दोराला बांधून जमिनीवरून उचलून बघा. जेमतेम उचलली जाऊन दोर सुटायला लागला की ड्रॅग जागेवर आला. ही परीक्षा रॉड वाकवून करायची नाही.

## ८. परवानगी आणि वेळ

अनेक तलाव आणि जलाशय मासेमारीसाठी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. गावात विचारून संस्थेची परवानगी घ्या, पावती देत असतील तर खिशात ठेवा, सोबत आधारकार्डाची प्रत असू द्या. अभयारण्याच्या हद्दीत गळ टाकायचा नाही. देवाच्या डोहातही नाही: महाडजवळचं वाळणकोंड, पालघर जिल्ह्यातल्या वाडा गावाजवळचं तिळसे इथले मासे पिढ्यान्‌पिढ्या राखलेले आहेत.

जून-जुलैत मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध चढतात. वलगणीच्या या दिवसांत ओढ्यांवर रॉड नेऊ नका. एरवी छोटा खडस (महसीर) लागला तर ओल्या हाताने धरून लगेच सोडा.

सांगलीच्या कृष्णेत, चिपळूणच्या वाशिष्ठीत आणि पवई तलावात मगरी आहेत. तिथे पाण्यात पाय घालून उभं राहायचं नाही, काठापासून दोन-तीन पावलं मागेच थांबायचं. ही पावलं लक्षात घेऊनच तिथली लांबी ठरवा. धरणाखालच्या पात्रात भोंगा वाजला की सामान गोळा करत बसू नका, आधी वर या.

## ९. पहिला सराव मैदानावर

गळ न लावता, तीन ग्रॅमचं शिसं बांधून मोकळ्या मैदानात फेका. टोकापासून शिशापर्यंत २० ते ३० सेंटिमीटर दोर सोडा. लांब रॉडला थोडा जास्त. शिसं पायाशी आपटलं तर बोट उशिरा सुटतंय, उंच आकाशात गेलं तर लवकर. दहा पावलांवर जुनं घमेलं ठेवून दहांत पाच-सहा वेळा त्यात किंवा त्याच्या हातभर जवळ शिसं पडेपर्यंत सराव करा, मग पंधरा पावलांवर सरका.

मासा उचलण्याची सवयही आताच लावून घ्या. पंजाहून मोठा मासा रॉडने उचलून काठावर टाकायचा नाही, आणि मासा पायाशी असताना रॉड सरळ उभा धरायचा नाही. तेव्हा सगळा भार टोकाच्या वीतभर भागावर येतो आणि नवे रॉड सर्वांत जास्त तिथेच मोडतात. रॉड कलता ठेवा, दोन पावलं मागे सरका आणि मासा जाळीत घ्या.